गर्भिणीचे ताट आणि घराचे कर्तव्य

गर्भवती स्त्रीने काय खावे हा विषय व्याख्यानमालेच्या मंडपात यावा की नाही, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय माजघरातला. तो आई, सासू आणि आजी यांनी आपसांत पाहावा, अडल्यास वैद्याला विचारावे, आणि पुरुषमंडळींनी बाहेर ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसावे, अशी आपली जुनी वहिवाट आहे. परंतु ज्या ग्रंथांचा हवाला देऊन आपण या विषयावर बोलतो, ते ग्रंथ उघडले म्हणजे निराळी गोष्ट दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. असे भांडे जराही हिंदकळू न देता जसे न्यावे, तसे तिला वागवावे, असा त्याचा अर्थ. आता भांड्याने स्वतःला सांभाळावे असे कोणी म्हणत नाही. ते वाहून नेणाऱ्याने सांभाळायचे असते. म्हणून हा विषय सबंध घराचा आहे, आणि पुरुष श्रोत्यांनी तो ऐकणे अगत्याचे आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम आयुर्वेदाची मूळ कल्पना पाहू. वाग्भटाने अष्टांगहृदयात गर्भाच्या पोषणासाठी शेताचा दाखला घेतला आहे. पाटाच्या पाण्याने जसे शेत भिजते, तसा नाळेच्या वाटेने आलेल्या रसाने गर्भ पोसला जातो. हा दाखला आपल्याकडील कोणाही बागायतदाराला लगेच पटेल. पाटाला पाणी असेल तर शेताला मिळणार. विहीर आटली असेल तर पाट कितीही नीट बांधा, पीक उभे राहायचे नाही. चरकाने याच कल्पनेचा हिशेब मांडला आहे. गर्भिणीने खाल्लेल्या अन्नाच्या रसाचे तीन वाटे होतात : एक तिच्या स्वतःच्या शरीराच्या पुष्टीसाठी, दुसरा पुढे येणाऱ्या दुधासाठी आणि तिसरा गर्भाच्या वाढीसाठी. या तिघांत आईचा वाटा पहिला सांगितला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या साऱ्या विवेचनाचे सूत्र तेच आहे.

आता महिन्यामहिन्याचा क्रम पाहू. वैद्यकात याला मासानुमासिक पथ्य म्हणतात. चरकाचा क्रम असा : गर्भ राहिला असल्याची नुसती शंका येताच, पहिल्या महिन्यात, औषध न घातलेले साधे, निवलेले दूध बेताने व वेळच्या वेळी घ्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या अंगवळणी पडलेले अन्न खावे. दुसऱ्या महिन्यात मधुर गणातील औषधांनी सिद्ध केलेले दूध. तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध. चौथ्यात दुधाबरोबर एक अक्ष लोणी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे तोळाभर. पाचव्यात दुधापासून थेट काढलेले तूप. सहाव्यात व सातव्यात तेच तूप मधुर औषधांनी सिद्ध केलेले. आठव्यात दुधात शिजवलेली, तूप घातलेली पेज. नवव्या महिन्यात खाण्यापेक्षा तेलाच्या बस्तीवर भर आहे; तो वैद्याच्या हातचा उपचार आहे, घरी करावयाचा नव्हे. सुश्रुताचा क्रम थोडा वेगळा आहे. पहिल्या तीन महिन्यांत मधुर, शीत आणि पातळ असा आहार. तिसऱ्यात साठ दिवसांत पिकणाऱ्या साठीच्या तांदळाचा भात दुधाबरोबर, चौथ्यात दह्याबरोबर, पाचव्यात पुन्हा दुधाबरोबर, सहाव्यात तुपाबरोबर. चौथ्या महिन्यात त्याने मांसरसालाही जागा दिली आहे. आयुर्वेद म्हणजे निव्वळ शाकाहार, अशी समजूत असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ही यादी पाठ करून उपयोग नाही. तिच्यामागचा विचार घेतला पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, ओकाऱ्या आणि अन्नावरची वासना उडणे, ही बहुतेकींची तक्रार असते. अशा वेळी पातळ, सौम्य आणि निवलेले अन्न थोडे थोडे द्यावे, जड काही लादू नये, हे सांगणे अनुभवाचे आहे. साळीच्या लाह्या ओकारीवर उपयोगी असे आयुर्वेद मानतो. आजचे डॉक्टरही सकाळी उठताच कोरडे, हलके काही खाऊन मग बाकीचे पाहा असेच सांगतात. पुढे भूक परतते, गर्भाचे अवयव स्पष्ट होतात, तेव्हा लोणी-तूप आणि मांसरस येतात. अखेरीस पोटातल्या भाराने जेवण कमी जाऊ लागते, तेव्हा पुन्हा पेजेसारखे पातळ पण पौष्टिक अन्न येते. म्हणजे गर्भाची गरज आणि आईची पचनशक्ती, ज्याला आयुर्वेद अग्नी म्हणतो, या दोहोंकडे एकाच वेळी पाहून हा क्रम लावला आहे. आणि लोण्याचे मापही तोळ्यात सांगितले आहे. गरोदर सुनेच्या पानात प्रेमाने तुपाची धार धरणाऱ्यांनी तो तोळा विसरू नये.

आठव्या महिन्याच्या पेजेवरून चरकसंहितेत एक वाद झालेला आहे. भद्रकाप्य नावाच्या आचार्याने हरकत घेतली की, ही पेज देऊ नये. तिच्यामुळे मुलाचे डोळे पिंगट होण्याचे भय आहे. त्यावर आत्रेय पुनर्वसूंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, होईनात का पिंगट. तेवढ्यासाठी पेज बंद करता येणार नाही, कारण पेज घेऊन आई निरोगी राहिली तर ती निरोगी, सशक्त व उत्तम अपत्याला जन्म देईल. या एका उत्तरात आयुर्वेदाची सारी दृष्टी आली आहे. मुलाच्या रूपाची चिंता बाजूला ठेवून आचार्य आईच्या प्रकृतीकडे बोट दाखवतात. मूल गोरे व्हावे म्हणून दुधात केशर घालणाऱ्या घरांनी हे उत्तर ऐकावे. केशराने मूल गोरे होत नाही. तोच पैसा फळांवर आणि पालेभाजीवर खर्च झाला तर आईच्या अंगी लागेल.

दुसरी गोष्ट समतोलाची. चरकाने गर्भाला बाधक गोष्टींची यादी देताना सहाही रस घेतले आहेत. सतत गोड खाणारीचे मूल प्रमेही किंवा अतिस्थूल होते. सतत आंबट खाणारीच्या मुलास रक्तपित्ताचे व कातडीचे विकार. सतत खारट खाणारीच्या मुलाला अकाली सुरकुत्या आणि टक्कल. याचप्रमाणे तिखट, कडू आणि तुरट यांचेही दोष सांगितले आहेत. यातील प्रत्येक परिणाम अक्षरशः खरा मानावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु या साऱ्या ओळीत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे 'नित्य'. एकाच रसाची सवय हा दोष. रस हा दोष नव्हे. गोडाविषयीचा इशारा तर आज अधिकच गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण गरोदरपणी होणारा मधुमेह आपल्या शहरांत वारंवार आढळतो आणि त्याचा ताप आईला व मुलाला, दोघांनाही होतो. ज्या आयुर्वेदाने गर्भिणीला मधुर आहार सांगितला, त्यानेच अतिमधुराचा धोकाही सांगितला. मधुर म्हणजे दूध, भात, तूप यांची नैसर्गिक गोडी. पेढ्यांचा डबा नव्हे. त्याच यादीत मद्याचेही नाव आहे : नित्य मद्य घेणारीचे मूल स्मृतीने दुबळे व चंचल मनाचे होते, असे तेथे म्हटले आहे. गर्भावस्थेतील मद्यपानामुळे मुलाच्या मेंदूवर होणाऱ्या अपायाला पाश्चात्त्य वैद्यकाने १९७३ साली स्वतंत्र विकाराचे नाव दिले.

आता डोहाळ्यांकडे वळू. दोन हृदये जिच्या देही आहेत ती दौहृदिनी, अशी या शब्दाची उपपत्ती आयुर्वेदाने दिली आहे. गर्भाच्या हृदयाची इच्छा आईच्या तोंडून प्रकट होते, म्हणून ती अव्हेरू नये, असा भाव. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण, झोपाळ्याची फुलांची आरास, वाटीखालच्या पेढ्याबर्फीची गंमत, हे सारे त्याच भावनेचे कौतुक आहे. परंतु डोहाळा अपायकारक वस्तूचा लागला तर काय करावे? चरकाचे उत्तर मोठे शहाणपणाचे आहे. इच्छा फारच तीव्र असेल तर ती अपथ्य वस्तूदेखील हितकर वस्तूत मिसळून द्यावी. धाकाने इच्छा मारू नये. ताटातल्या कोशिंबिरीबरोबर चिंचेचा एक बोटूक देणारी आजी, ग्रंथ न वाचताही, हेच करीत असते.

मात्र एका डोहाळ्याचे कौतुक करू नये. भाजकी माती, कावेचा खडा, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असले काही खावेसे वाटणे हे पुष्कळदा अंगातील लोह कमी झाल्याचे लक्षण असते. मातीने ती कमतरता भरून निघत नाही. उलट अन्नातील लोह अंगी लागण्यास तिचा अडथळा होतो आणि मातीतून जंत पोटात जातात. सून मातीचा खडा चघळताना दिसली तर हसण्यावारी न नेता तिचे रक्त तपासून घ्यावे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज आयुर्वेदाच्या नावाने गर्भिणीच्या पानातून जे जे काढून घेतले जाते, ते सारे आयुर्वेदात नाही. पपईचेच उदाहरण घ्या. पपई हे मूळचे अमेरिका खंडातले फळ. युरोपीय जहाजांतून ते सोळाव्या शतकाच्या सुमारास आपल्याकडे आले. चरक-सुश्रुतांनी ते पाहिलेच नव्हते, मग निषेध कोठून करणार? टोमॅटो, बटाटा, मिरची, भुईमूग आणि काजू यांचीही तीच कथा. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाला पीळ पडतो, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. म्हणून कच्ची पपई टाळावी हे ठीक. परंतु त्याच प्रयोगात पूर्ण पिकलेल्या पपईने तसे काही झाले नाही. याहून घातक समजूत म्हणजे, शेवटच्या महिन्यांत बाईला कमी खाऊ घालावे, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते. सातव्या महिन्याच्या अखेरीस गर्भाचे वजन सुमारे एक किलो असते आणि पूर्ण दिवसांनी ते तीन किलोच्या आसपास जावे लागते. म्हणजे दोन तृतीयांश वाढ याच काळातली. नेमका तेव्हाच पाटाचे पाणी तोडणे हा शेतावर अन्याय आहे, आणि विहिरीवरही.

ग्रंथांतले सारेच आज घेण्यासारखे आहे, असेही आम्ही म्हणत नाही. पुत्रप्राप्तीसाठी सांगितलेला पुंसवनाचा विधी सोडून द्यावा. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते, आणि त्यासाठी खाल्लेले कोणतेही औषध गर्भाला अपायच करील. मधुर गणात येणारे ज्येष्ठमधही स्वतःच्या मनाने रोज घेऊ नये. फिनलंडमध्ये २००९ व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, गरोदरपणी ज्येष्ठमध फार खाणाऱ्या मातांच्या मुलांच्या बुद्धीवर व वर्तनावर अनिष्ट परिणाम दिसला आहे. भस्मांच्या बाबतीत तर दुप्पट सावध असावे. भारतातून नेलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडल्याची नोंद न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्याने २०१२ साली केली. अन्न घराने द्यावे. औषध शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याने द्यावे, आणि ते चालू आहे हे प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

जे प्राचीन आचार्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते, तेही आपल्या पदरात पडले आहे, आणि त्यातला एक मोठा धडा मुंबईच्या गरीब स्त्रियांनी जगाला दिला आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या कष्टकरी बायांना, होणारा एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. या बायांच्या जेवणात भाजीपाला आणि फळे नावालाच असत. यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पानावरूनच त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९९१ साली ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगाने सिद्ध केले की, गर्भधारणेच्या आधीपासून हे द्रव्य घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्यातील व मेंदूतील जन्मजात व्यंगे पुष्कळ टळतात. मज्जारज्जूची ही नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. म्हणजे दिवस राहिल्याची खात्री होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गर्भाची शंका येताच पथ्य सुरू करावे, हे चरकाचे सांगणे या ठिकाणी आठवते. आज आपण शंकेच्याही आधी तयारीला लागले पाहिजे.

दुसरा धडा पुणे जिल्ह्यातला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे ज्या मातांच्या खाण्यात वारंवार होती, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वजनाची होती, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. दूध तर चरकाने पहिल्या महिन्यापासून सांगितले आहे. पालेभाजी आणि फळे ही आपण त्याच्या शेजारी वाढायची. याच अभ्यासात ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ मातांत आढळली. ते जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते; म्हणून दूधही न घेणाऱ्या शाकाहारी स्त्रीने त्याविषयी डॉक्टरांना मुद्दाम विचारावे.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. ज्या देशात गर्भिणीला तेलाच्या भरल्या भांड्यासारखे जपावे असे शेकडो वर्षे सांगितले गेले, त्या देशात हे का व्हावे? दारिद्र्य हे एक कारण आहेच. परंतु खात्यापित्या घरांतही हा रोग आहे, आणि तेथे त्याचे कारण पंगतीच्या क्रमात सापडते. आधी पुरुष, मग मुले, मग वडीलधाऱ्या बायका आणि सर्वांच्या शेवटी सून. तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची आमटी आणि संपलेली भाजी. शहरात पंगती मोडल्या, पण क्रम मोडला नाही. सकाळी सर्वांचे डबे भरून स्वतः नुसत्या चहावर गाडी गाठणारी स्त्री याच क्रमाची बळी आहे. उरलेसुरले खाणाऱ्या आईच्या रसाचे तीन वाटे कसे पडणार? गर्भ आपला वाटा ओढून घेण्याचा प्रयत्न करतो, आणि कमी पडतो तो आईचा, म्हणजे चरकाने पहिला सांगितलेला वाटा.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवण लागते, असेही नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गर्भिणीला रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक मोठी भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. वाढ कमी आणि निवड अधिक, असे हे गणित आहे. सकाळी दूध, दुपारी ताकाची किंवा दह्याची वाटी. रोज एक पालेभाजी, मग ती मेथी असो, चवळी असो की राजगिरा. एक डाळ आणि एक मोडाचे कडधान्य. ज्यांना चालते त्यांनी अंडे किंवा मासळी. हंगामाचे एक फळ. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा, कारण त्याने भाजीतले लोह अंगी लागते. आणि चहा जेवणाबरोबर न घेता तास-दीड तासाने, कारण तो लोहाला अडवतो. साजूक तूप चमचाभर पुरे. मळमळीच्या दिवसांत हेच पाच-सहा वेळांत थोडे थोडे विभागून द्यावे.

याबरोबर सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह व फोलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज घ्यावी. गोळीने शौचास काळे होते, पोटात थोडे मळमळते, म्हणून पुष्कळजणी ती गुपचूप बंद करतात. तशी तक्रार असल्यास गोळीची वेळ बदलावी, रात्री झोपताना घ्यावी, डॉक्टरांना सांगावे. पण बंद करू नये. आम्ही आयुर्वेद मानतो म्हणून गोळी नको, असे म्हणणाऱ्यांनी आत्रेयांचे उत्तर पुन्हा आठवावे. जे आईला निरोगी ठेवील ते द्यायचे, हा त्यांचा कस होता. ही गोळी त्या कसाला उतरते.

श्रोतेहो, ग्रंथांतील सर्व औषधे आपल्याला मिळतीलच असे नाही, आणि त्यांतील पुष्कळांची आज गरजही नाही. परंतु घरात गर्भवती स्त्री असेल तर तिचे पान सर्वांबरोबर, किंबहुना सर्वांच्या आधी मांडणे आपल्या हाती आहे. आज रात्री येथून घरी गेल्यावर तिने जेवून घेतले आहे काय आणि काय जेवली, एवढे पुरुषमंडळींनी विचारावे. आणि नुसते विचारून थांबू नये. पान स्वतः वाढावे.